वरच्या रेघेच्या वर

आमच्या सोलापुरात मोटारसायकलचं ऑइल बदलताना गाडीच्या मालकाचा चेहरा बघण्यासारखा असतो. एरवी महिनेच्या महिने गाडीवर फडकं न मारणारा हा माणूस त्या दिवशी मेकॅनिकच्या डोक्यावर उभा राहतो. नव्या बाटलीचं सील आपल्या डोळ्यांदेखत फोडायला लावतो. बाटली असते लिटरची, आणि इंजिनाला लागतं त्याहून थोडं कमी. हे मेकॅनिकला माहीत असतं आणि गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेतही छापलेलं असतं. पण मालकाला एकच गोष्ट पक्की ठाऊक असते, की उरलेलं ऑइल हा मेकॅनिक ठेवून घेणार आणि दुसऱ्याच्या गाडीत घालणार. म्हणून तो शेवटचा थेंब गळेपर्यंत बाटली उलटी धरायला लावतो. मग चोराला पकडल्याच्या समाधानात घरी जातो आणि काही दिवसांनी गाडी धूर मारते म्हणून त्याच मेकॅनिकला शिव्या द्यायला परत येतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेकॅनिकला मी एकदा विचारलं, की तू लोकांना सांगत का नाहीस. तो म्हणाला, "ताई, थोडं ठेवलं तर मी चोर. सगळं ओतलं तर गाडी बिघडती, पण मी इमानदार. मग मी सगळं ओततो."

ऑइल घातल्यावर ते कुठवर आलंय हे बघायचं असतं. त्यात तर आमच्याकडच्या पुरुषांनी कहर केलेला आहे. इंजिनाच्या बाजूला ऑइल घालायचं झाकण असतं. त्या झाकणालाच आतून एक मापाची पट्टी असते आणि पट्टीवर दोन रेघा. ऑइल त्या दोन रेघांच्या मधे हवं. इतकं साधं. पण आमचे वीर गाडी साइड स्टँडवर तिरकी उभी करून पट्टी काढतात. ती न पुसताच बघतात आणि सगळीकडे ओली दिसली की "फुल्ल हाय" म्हणून मोकळे होतात. काही जण बघतसुद्धा नाहीत. ऑइल दोन बोटांत चोळतात, वास घेतात आणि भट्टीवरच्या आचाऱ्यासारखी मान हलवतात. कळलेलं काहीच नसतं. पण "मला कळलं नाही" हे वाक्य या मंडळींच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, या मंडळींतले नव्हते. ते कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. निवृत्तीनंतर सोलापुरात आले. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच राहिलो, ते आणि लग्न न झालेली मी. आण्णांचा ताठा वेगळ्या जातीचा होता. गाडी ते फक्त मेन स्टँडवर लावायचे. ऑइल घातलं की इंजिन थोडा वेळ चालवायचं, बंद करायचं, ऑइल खाली उतरायला वेळ द्यायचा, पट्टी जुन्या बनियनच्या बोळ्यानं पुसायची, आटे न फिरवता नुसती टेकवायची आणि बाहेर काढून बघायची. बाटलीत उरलेलं ऑइल ते झाकण लावून माडीच्या जिन्याखाली ठेवायचे. जगातली सगळी माणसं गाढव आहेत असं त्यांचं स्पष्ट मत होतं आणि या एका बाबतीत मी त्यांचीच मुलगी होते.

माझं ऑफिस सात रस्ता चौकाजवळ आहे. रोज सकाळी आण्णा मला गाडीवर सोडायचे आणि संध्याकाळी न्यायला यायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःला लावून घेतलेली ती ड्युटी होती. एखाद्या दिवशी मी रिक्षानं गेले की ते दुपारी नीट जेवायचे नाहीत. गाडीची किल्ली मात्र त्यांनी मला कधी दिली नाही. माझ्या मोठ्या भावाला, दादाला, त्यांनी हाताला धरून गाडी शिकवली. तो आता पुण्यात गिअर नसलेली कार चालवतो आणि तीही लावताना बायकोला खाली उतरवून मागे बघायला सांगतो. मला कोणी शिकवलं नाही. मी कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या गाडीवर होम मैदानावर शिकले, लायसन्सही काढलं, आणि ते पर्समधे ठेवून इतकी वर्षं मागच्या सीटवर बसून ऑफिसला गेले. आण्णांना सांगितलं नाही. सांगून काय, त्यांनी लायसन्स देणाऱ्यालाच गाढवांत जमा केलं असतं.

पंचाहत्तरी ओलांडल्यावर एकदा आण्णांची गाडी भाजीच्या हातगाडीला घासली. थोडी वांगी खाली पडली, आण्णांनी ती उचलून दिली आणि भाजीवाल्यालाच गाडी रस्त्यात लावल्याबद्दल सुनावलं. प्रकरण तिथं संपलं असतं. पण आमच्या शेजारी एक काका राहतात. यंत्रमागावर आयुष्य घालवून ते निवृत्त झाले, घरात तेलुगू बोलतात आणि दारात बसून सगळ्या भाषांत चौकशा करतात. त्यांनी ही बातमी पुण्याला पोचवली, आणि पोचेपर्यंत वांग्यांची हातगाडी उलटून पडलेली होती.

दादा त्याच शनिवारी हजर झाला. येताना गाडीला गिऱ्हाईक बघूनच आला होता. आईच्या दुखण्यात त्याला सुट्टी मिळत नव्हती, गाडी विकायला बरी मिळाली.

"आण्णा, आता पुरे," तो म्हणाला. "रिक्षा आहेत, मोबाइलवरून गाडी बोलावता येते. हिचं तुम्ही कशाला ओझं वाहता?"

ओझं म्हणजे मी. मी त्याच्यासमोर चहाचा कप जरा जोरातच ठेवला.

"गाडी न्यायची तर मला बी घेऊन जा," आण्णा म्हणाले. "तुझ्या गॅलरीत कुंडीशेजारी ठीव."

"निदान डोळे तरी तपासून घेऊ."

"डोळ्याला काय धाड भरलीय? उद्या ऑइल बदलायचं हाय. माझ्या हातानं बदलतो. हितं खुर्ची टाकून बघत बस. कुटं चुकलो तर किल्ली तुझी."

दादाला हे पटलं, कारण त्याला वाटलं म्हातारा चुकणारच. मला पटलं, कारण मला माहीत होतं की म्हातारा चुकणार नाही. गाडी जाणं म्हणजे काय हे दादाला कळण्यासारखं नव्हतं. आण्णांना देवळात रस नव्हता, पत्ते येत नव्हते, टीव्हीवरची माणसं त्यांना सहन होत नव्हती. दिवसाला सकाळ आणि संध्याकाळ होती ती त्या गाडीमुळे.

रविवारी सकाळी घरासमोरच्या फरशीवर नाटक लागलं. प्रेक्षकांत दादा आणि शेजारचे काका, दोघांना प्लास्टिकच्या खुर्च्या, हातात चहा. आण्णांनी इंजिन जरा तापवलं, खाली जुनी पत्र्याची पाटी सरकवली, पान्यानं तळाचा बोल्ट सैल केला आणि शेवटचे आटे बोटांनी फिरवले. काळं ऑइल पाटीत पडायला लागलं. त्यांनी बोल्टावरचा वॉशर अंगठ्यानं चाचपला, पुसला, पुन्हा बसवला. मान्य करते, बघत राहावं असं काम होतं. सगळं हातांनीच चाललं होतं. ते एकदाही खाली वाकून बघत नव्हते, आणि मी मनात म्हणत होते की याला म्हणतात सराव.

प्रेक्षक अर्थातच गप्प बसले नव्हते. काकांनी आधी सांगितलं की ऑइल इंजिन थंड असतानाच काढतात. मग आत रॉकेल घालून खळखळून घ्या म्हणाले. दादानं मोबाइलवर कुठल्यातरी माणसाचा व्हिडिओ लावला, ज्यात वेगळ्याच गाडीचं वेगळंच झाकण उघडलं जात होतं, आणि तो अधूनमधून "नाही, हा असं करत नाहीये" असं म्हणत राहिला. आण्णांनी दोघांकडे लक्ष दिलं नाही.

बोल्ट आवळून त्यांनी नवी बाटली फोडली आणि नरसाळ्यातून ऑइल ओतलं. बाटली हातात तोलत, थांबत, पुन्हा ओतत. थोडं उरल्यावर त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, ती फरशीच्या कडेला ठेवली आणि हात धुवायला मोरीकडे गेले.

ते आत वळले आणि दादा उठला. बाटली उचलून त्यानं उजेडात धरली.

"एवढं उरवलं कशाला?"

"मुद्दाम ठेवलंय त्यांनी," मी म्हणाले. "तेवढं लागत नाही."

"तुला काय कळतं त्यातलं? ऑइल कमी पडलं तर इंजिन जाम होतं."

"जाऊ द्या की आत," काका म्हणाले. "गाडीच्याच पोटात जाणार."

आणि त्यानं ओतलं. पुण्यात राहणारा, इंजिनिअर म्हणवणारा माझा भाऊ नरसाळं लावून उरलेलं सगळं ऑइल आत ओतून मोकळा झाला. बाटली उलटी धरून ठोकलीसुद्धा. मेकॅनिकवर संशय म्हणून लोक असं करतात, हे एक वेळ समजू शकते. इथं तर मेकॅनिक सख्खा बाप होता. मग रिकामी बाटली त्यानं गुपचूप कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि खुर्चीत बसून पाय पसरले.

मी आण्णांना हाक मारून सांगू शकत होते. सांगितलं नाही. कारण पुढं काय होणार हे मला दिसत होतं. आण्णा येणार, इंजिन चालवणार, पट्टी काढून बघणार, ऑइल वरच्या रेघेच्या वर गेलेलं त्यांना दिसणार आणि मग दादाची अशी खरडपट्टी निघणार की पुण्यापर्यंत त्याचे कान गरम राहतील. डोळ्यांची परीक्षाही आपोआप होऊन जाईल. मी दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिले. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

आण्णा आले. इंजिन चालू केलं, थोड्या वेळानं बंद केलं, थांबले. बोळ्यानं पट्टी पुसली, टेकवली, बाहेर काढली आणि तोंडासमोर धरली.

नवं ऑइल फिकट असतं, पट्टीवर चटकन दिसत नाही. पट्टी उजेडाकडे तिरकी करावी लागते. हे मला आण्णांनीच कधीतरी सांगितलेलं होतं. त्यांनी पट्टी तिरकी केली नाही. सरळ धरली, थोडा वेळ तिच्याकडे तोंड करून उभे राहिले, आणि म्हणाले, "बरोबर. वरच्या रेघंला टेकलंय."

मी जिथं उभी होते तिथून पट्टी मला स्पष्ट दिसत होती. ऑइल वरच्या रेघेच्या कितीतरी वर, जवळजवळ आट्यांपर्यंत पोचलेलं होतं.

दादा उठून जवळ गेला, पट्टीवर वाकला आणि गंभीरपणे म्हणाला, "हं, बरोबर आहे." काकांनी खुर्चीतून न उठताच मान डोलावली. त्या तिघांपैकी एकालाही काही दिसलं नव्हतं. दोघांना कळत नव्हतं म्हणून आणि एकाला दिसत नव्हतं म्हणून.

"मानलं आण्णा तुम्हाला," दादा म्हणाला. गिऱ्हाइकाला त्यानं तिथूनच फोन करून नाही म्हणून कळवलं. दुपारी भरपेट जेवला, शेंगाची चटणी बांधून घेतली आणि कर्तव्य केल्यासारखा चेहरा करून पुण्याला गेला.

त्या दुपारी मला आण्णांचा इतका राग आला की भांडी मी आपटून आपटून घासली. आयुष्यभर ज्या पुरुषांची आण्णांच्या जोडीनं मी टिंगल केली, त्यांच्यातच ते जाऊन बसले होते. न बघता "बरोबर" म्हणणारे. आण्णा झोपल्यावर मी बाहेर जाऊन ती पट्टी स्वतः पुसून पुन्हा बघितली. माझीच नजर चुकली असली तर बरं, असं वाटत होतं. चुकली नव्हती. दादाला फोन करायचा विचार मनात आला आणि तो मी तिथंच सोडून दिला. केला असता तर तो दुसऱ्याच दिवशी येऊन किल्ली घेऊन गेला असता, आणि वर मला शहाणपण शिकवलं असतं. आणि आण्णांना काय म्हणायचं ते मला सुचत नव्हतं. मला शब्द सुचत नाहीत असं सहसा होत नाही.

सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे त्यांनी गाडी फाटकाबाहेर काढली, चालू केली आणि सीटवर बसले. मागून निळसर धूर निघत होता.

"बस," ते म्हणाले.

मी बसले नाही. पर्स खांद्याला, डबा हातात, तशीच फाटकाशी उभी राहिले.

"बस की, उशीर होतोय."

मी तरीही हलले नाही. थोडा वेळ इंजिन नुसतंच चालू राहिलं. मग आण्णांनी नाक वर करून वास घेतला आणि इंजिन बंद केलं.

"धूर येतोय?"

"येतोय."

"ऑइल जास्त झालं?"

"दादानं उरलेलं ओतलं. तुम्ही हात धुवायला गेला होता तेव्हा."

हँडलवरचे हात त्यांनी काढले नाहीत.

"काल पट्टीवर तुला दिसलं हुतं," ते म्हणाले. त्यांनी ते विचारलं नव्हतं.

"व्हय."

"दादाला बोललीस?"

"न्हाय."

"बरं केलंस. त्या गाढवाला काय सांगायचं."

मग ते खाली उतरले, गाडी मेन स्टँडवर घेतली आणि मला पाटी आणायला सांगितली. बोल्ट त्यांनी सैल केला, ऑइल बारीक धारेनं पडू दिलं आणि पुन्हा आवळला. पट्टी पुसून माझ्या हातात दिली. मी टेकवली, काढली, उजेडात तिरकी धरून बघितली. अजून जास्त होतं. त्यांनी पुन्हा थोडं काढलं. असं दोनतीनदा झालं. शेवटी मी म्हणाले की आता दोन रेघांच्या मधे आहे. त्यांनी मला नीट बघायला सांगितलं. मी नीटच बघितलं होतं, पण पुन्हा एकदा बघितलं.

हात पुसून त्यांनी किल्ली माझ्यासमोर धरली. "तुला येती. लायसन बी हाय. मला म्हाईत हाय."

कधीपासून माहीत आहे हे मी विचारलं नाही. मी पुढं बसले, ते मागं बसले. आमच्या गल्लीतल्या सगळ्या दारांत माणसं उभी होती आणि काकांनी खुर्चीतूनच क्लच सावकाश सोडायचा सल्ला दिला. मी आरसे माझ्या उंचीला लावून घेत होते. तेव्हा मागून आण्णा म्हणाले, "त्या आरशात मला गेल्या दिवाळीपास्नं काय दिसलं न्हाय."

मी वळून बघितलं. "मग सात रस्त्याच्या गर्दीतून मला रोज कसं नेत होता?"

"तू बोलत असतीस की मागनं," ते म्हणाले. "हा रिक्षावाला बघा कसा मदीच थांबलाय, ती बाई बघा न बघता आडवी चाललीय, सिग्नल लाल हाय तरी हा निघाला बिनडोक. तुझ्या तोंडाचा पट्टा कधी थांबतोय व्हय? सगळं सांगत असतीस. त्यावर चालवायचो."

मी गिअर टाकला. गाडी गल्लीतून बाहेर पडली, मोठ्या रस्त्याला लागली. समोर बस आडवी वळत होती, एक जण फोनवर बोलत उलट्या बाजूनं येत होता, कुणी रस्त्याच्या मधोमध केळ्यांची गाडी लावली होती. मी कुणालाच काही म्हणाले नाही. नजर रस्त्यावरून हलवायची नव्हती.

थोडं अंतर गेल्यावर आण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बोल की गं," ते म्हणाले. "कुटं आलो ते कळंना."